मॉरिशसमधील १९४८ सालची निवडणूक

हिंदी महासागरातील मॉरिशस या चिमुकल्या बेटावर, जिथे कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीस गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही गणेशोत्सव साजरा करतात, ब्रिटिश अमदानीत मतदानाचा हक्क दीर्घकाळ मिळकतदारांच्याच हाती होता. १९४७ च्या राज्यघटनेने तो साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांना दिला. तेव्हा पंडित वासुदेव बिसुनदयाल यांच्या जनआंदोलनाच्या स्वयंसेवकांनी मजुरांना अक्षरओळख करून दिली, आणि हे कार्य मला त्या कायद्याहूनही थोर वाटते. मतदार सुमारे १२ हजारांवरून ७२ हजारांवर गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये कायदेमंडळाच्या १९ निर्वाचित जागांपैकी ११ भारतीय वंशाच्या उमेदवारांनी जिंकल्या. तथापि आणखी १२ सभासद गव्हर्नरनेच नेमले.