पृथ्वी गोल कशावरून?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. पृथ्वी गोल आहे हे चौथीचे पोरही सांगते, त्यावर व्याख्यान कशाला? पण हल्ली मोबाईलवर 'पृथ्वी सपाट आहे' असे ठासून सांगणाऱ्या चित्रफिती फिरत असतात, आणि पेण-रोह्याकडची आपली मुले त्या पाहतात. मग परीक्षेत मुलगा 'गोल' लिहून गुण मिळवतो आणि मनात 'सपाट' ठेवतो. एखादा धीट मुलगा विचारतो, "सर, तुम्ही स्वतः पाहिली का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. त्याला "पुस्तकात आहे, गप्प बस" म्हणणारा शिक्षक आणि "दीनच्या विरुद्ध बोलू नकोस" म्हणणारा पालक, दोघेही त्याचे सारखेच नुकसान करतात. मुलगा एवढेच शिकतो की, शाळेत एक बोलावे आणि घरी दुसरे.

प्रथम पालकांसाठी दोन शब्द. पृथ्वी गोल मानणे ही परक्यांची शिकवण आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या देशात आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ती गोल असल्याचे लिहून ठेवले. बगदादचा खलिफा मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) याने सिंजारच्या मैदानात विद्वानांच्या तुकड्या पाठवल्या. आकाशातील उंची एक अंशाने बदलेपर्यंत ते सरळ उत्तरेस व दक्षिणेस चालत गेले, जमीन मोजत गेले, आणि एका अंशाला सुमारे ५६ पूर्णांक दोन-तृतीयांश अरबी मैल असे उत्तर घेऊन परतले.

अल-बैरूनी (९७३ ते १०४८) याने तर एका डोंगरावर उभे राहून हे काम केले. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील नंदना किल्ल्याजवळचा हा डोंगर. त्याची उंची मोजली, ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावरून क्षितिज पाहिले. जमीन सपाट असती तर क्षितिज डोळ्यांच्या रेषेत दिसले असते. ते ३४ कलांनी, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक, खाली दिसले. एवढ्या दोन आकड्यांवरून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली.

इमाम गझाली यांनी 'तहाफुतुल फलासिफा' या ग्रंथात तत्त्वज्ञांवर कठोर टीका केली आहे. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी ते बजावतात की, ग्रहणाचे गणिताने सिद्ध झालेले कारण धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो. पालकांनो, याहून स्पष्ट कोण सांगणार?

आता विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे वळतो. माझ्या शब्दावरही विश्वास ठेवू नका. स्वतः पाहा.

रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला समुद्रास मिळते. तेथे सकाळच्या स्वच्छ वेळी किनाऱ्यावर उभे राहा. दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते. त्यापलीकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजाचा तळ आधी बुडतो, वरचा भाग शेवटी. सपाटवादी सांगतात की, जहाज केवळ लहान दिसते, दुर्बीण लावली की पूर्ण परत येते. तर मग दुर्बीण घेऊनच जा. जहाज मोठे दिसेल, पण बुडालेला भाग परत येणार नाही. मात्र शंभर मीटर उंच टेकडीवर चढलात तर क्षितिज पस्तीस किलोमीटरपर्यंत मागे सरेल आणि तेच जहाज पुन्हा पूर्ण दिसेल. भर उन्हात तापलेल्या हवेमुळे दृष्टिभ्रम होतो, म्हणून ही वेळ टाळावी.

दुसरा प्रयोग काठीचा. मार्चच्या २० किंवा २१ तारखेला, अथवा सप्टेंबरच्या २२-२३ ला, एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो. दिवसातील सर्वांत आखूड सावली मोजा. आपल्याकडे ती मार्चमध्ये पाऊण वाजण्याच्या सुमारास आणि सप्टेंबरमध्ये साडेबाराच्या सुमारास पडते. रोह्यात ती सुमारे ३३.३ सेंटिमीटर भरेल. पेणला फक्त सहा मिलिमीटर जास्त. सूर्याच्या बिंबामुळे सावलीची कड जवळजवळ एक सेंटिमीटर पुसट असते, त्यामुळे पेण आणि रोहे एवढ्यावर निकाल लागणार नाही. दूरचे सोबती हवेत. कन्याकुमारीला त्याच दिवशी १४.२, दिल्लीला ५४.५ आणि रशियातील सेंट पीटर्सबर्गला सुमारे १७३ सेंटिमीटर सावली पडते.

येथे सपाटवादी म्हणतात, "सावल्या बदलणारच! पृथ्वी सपाट आहे आणि सूर्य जवळ आहे." ठीक आहे, त्यांचेच म्हणणे धरून हिशेब करू. विषुववृत्तापासूनच्या अंतराला मीटरमधील सावलीने भागले की सूर्याची उंची निघेल. कन्याकुमारीचे अंतर ८९५ किलोमीटर, म्हणून सूर्य ६,३०० किलोमीटर उंच. रोह्याचे २,०४०, सूर्य ६,१०० वर. दिल्लीचे ३,१६५, सूर्य ५,८०० वर. सेंट पीटर्सबर्गचे ६,६५०, सूर्य ३,८०० वर! एकच सूर्य एकाच दिवशी चार उंचींवर कसा असेल?

आता पृथ्वी गोल आणि सूर्य फार दूर असे धरा. सावल्यांवरून कोन काढा: अनुक्रमे सुमारे ८.१, १८.४, २८.६ आणि ६० अंश. अंतराला कोनाने भागा. चारही ठिकाणी एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर येतात. त्यास ३६० ने गुणा, पृथ्वीचा घेर जवळजवळ ४०,००० किलोमीटर हाती येतो. नववी-दहावीच्या गणिताने हे करता येते. दोन सावल्यांवर वाद चालू राहतो, तिसरी आणि चौथी सावली तो मिटवते, हे मात्र ध्यानात ठेवा.

आणि दूरचे सोबती आपल्याला काही कमी नाहीत. कोकणी मुसलमानांच्या घरातील कोणी आखातात, कोणी जहाजावर, तर काहींचे नातेवाईक पिढ्यान्‌पिढ्या केप टाऊनला आहेत. चाचांना फोन करा आणि त्यांच्या अंगणात काठी रोवायला सांगा. केप टाऊनला दुपारची सावली दक्षिणेकडे पडलेली कळेल.

शेवटी प्रवासाची साक्ष. सपाटवाद्यांच्या नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी आणि अंटार्क्टिका म्हणजे कडेची बर्फाची भिंत. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्याच अंटार्क्टिकावर उतरली. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकटे निघून पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईसच परतले. न्यूझीलंडच्या लिटलटनहून ते फॉकलंडच्या पोर्ट स्टॅन्लीला गेले. गोलावर हे अंतर सुमारे साडेआठ हजार किलोमीटर आहे, सपाट नकाशावर सरळ रेषेतही सत्तावीस हजारांच्या वर जाते, आणि तीही रेषा अमेरिकेच्या जमिनीवरून! शिडाची नौका तेथून कशी जाणार?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील एक पाद्री विल डफी यांनी काही सपाटवाद्यांनाच अंटार्क्टिकात नेले. त्या दिवसांत तेथे सूर्य चोवीस तास मावळत नाही, जे त्यांच्या नकाशात बसत नाही. सूर्य मावळला नाही. त्यांच्यापैकी एका प्रसिद्ध वक्त्याने आपला अंदाज चुकल्याचे कॅमेऱ्यासमोर मान्य केले. ज्याने हे मान्य केले त्याची मी थट्टा करणार नाही. पाहून मत बदलणे यालाच शिक्षण म्हणतात.

पालकांनो, माझी विनंती एवढीच. मुलाने "कशावरून?" असे विचारले तर रागावू नका, त्याला एक काठी आणि फूटपट्टी द्या. आज तो पृथ्वीविषयी तपास करील, उद्या औषधाची खोटी जाहिरात, नोकरीचे खोटे आमिष आणि माणसांत भांडणे लावणारी अफवा याच रीतीने पारखील. ज्याला पारखता येत नाही, त्याला कोणीही फसवू शकतो, मग तो कितीही शिकलेला असो.

अल्लाह आपल्या मुलांना नफा देणारा इल्म देवो, आणि आपल्याला त्यांचे प्रश्न ऐकण्याची तौफीक देवो. खुदा हाफिज.