कणगी भरली, दुसरी मांडली



आज आम्ही सांगणार आहोत, गटाच्या संगणकात दुसरी एसएसडी कशी बसवली ते. एसएसडी म्हणजे संगणकाची कणगी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये जात्यासारखी तबकडी फिरते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून ती वेगानं चालते.

आमची कणगी काठोकाठ भरली होती. रेडिओसाठी केलेलं चांगल्या प्रतीचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण 10 एमबी जागा खातं. अर्ध्या तासाची गोष्ट म्हणजे 300 एमबी. त्यात वारली चित्रांचे फोटो आणि बचतीच्या वह्यांच्या पानांचे फोटो. हे वह्यांचे फोटो आम्हाला जिवापाड. आपल्याकडच्या पावसात कागदाला बुरशी येते. दिवाळीनंतर कितीतरी बाया वीटभट्टीवर जातात. परत आल्यावर तिची बचत किती, हे सांगणारं ते पान पुसलं गेलं तर तिनं कोणाकडे बघायचं?

एका दुकानात विचारलं, तर म्हणाले, नवा संगणकच घ्या. आम्ही घरी आलो आणि विचार केला. कणगी भरली म्हणून कोणी घर पाडतं का? दुसरी कणगी मांडतो.

विकत घेण्याआधी आतली जागा बघा. एसएसडी मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक चपट्या डबीसारखी, साटा नावाची. तिला दोन वायरी लागतात: एक मदरबोर्डपासून, दुसरी विजेच्या डब्यापासून, म्हणजे एसएमपीएसपासून. दुसरी एम-डॉट-टू, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. ती वायरीशिवाय थेट मदरबोर्डच्या खाचेत बसते. पण खाच असली म्हणजे कोणतीही पट्टी चालेल असं नाही. काही खाचांत फक्त एनव्हीएमई चालते, काहींत फक्त साटा. काही बोर्डांवर ही खाच भरली की साटाची एखादी जागा बंद पडते. म्हणून बोर्डाचं पुस्तक वाचून घ्या. आमच्या बोर्डाला ती खाच नव्हती, साटाची जागा मोकळी होती. म्हणून डबीवाली 500 जीबीची आणली.

पेटी उघडण्याआधी हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या. मग संगणक बंद केला, प्लग काढला आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज जाते. पेटीच्या लोखंडाला हात लावला, म्हणजे अंगातली वीज उतरते. स्क्रू स्टीलच्या वाटीत ठेवले. एसएमपीएसचा डबा मात्र कधी उघडू नका. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते.

वायरींची तोंडं वाकड्या आकाराची असतात, एकाच बाजूनं बसतात. जोर लावायचा नाही. बसत नसेल तर उलटून बघायचं. डबी पट्टीवर स्क्रूनं घट्ट केली, झाकण लावलं, संगणक सुरू केला. नवी डिस्क दिसेना! सगळ्यांची तोंडं उतरली. पण कणगीसुद्धा शेणानं सारवल्याशिवाय आपण भरत नाही. तसं डिस्क मॅनेजमेंट उघडून नवी डिस्क आधी इनिशिअलाइज करायची, तिथं जीपीटी निवडायचं. मग न्यू सिंपल व्हॉल्यूम, आणि तिला एक अक्षर द्यायचं.

इथंच आम्ही फसणार होतो. जुनीही 500 ची, नवीही 500 ची, आणि पडद्यावर दोन्हींपुढे 465. कंपनी हजारानं मोजते, संगणक 1024 नं मोजतो, म्हणून आकडा कमी दिसतो. आमच्यातल्या एकीचं बोट जुन्या डिस्कच्या डी भागावर, फॉरमॅटपाशी गेलं. दुसरी ओरडली, "थांब, तिथं वह्या आहेत!" तेव्हा खूण लक्षात ठेवा. नव्या डिस्कवर काळी पट्टी आणि ‘अनअलोकेटेड’ हा शब्द असतो. जुनीवर निळी पट्टी आणि सी, डी ही अक्षरं असतात. दोघींनी मोठ्यानं वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा आता गटाचा नियम आहे.

मग रेकॉर्डिंग आणि फोटो नव्या डिस्कवर नकलले. चार फाइली उघडून बघितल्या, तेव्हाच जुन्या जागेवरचे पुसले. वह्यांचे फोटो मात्र दोन्हीकडे ठेवले.

शेवटची गोष्ट. एका पेटीतल्या दोन डिस्क म्हणजे एकाच घरातल्या दोन कणग्या. वीज पडली तर दोन्ही जातील. बियाणं आपण थोडं माहेरीही ठेवतो ना? तशी वह्यांची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या बाईच्या घरी, कोरड्या डब्यात ठेवतो. दर महिन्याच्या बैठकीला ती आणायची, नवी पानं भरायची आणि परत न्यायची.

पेटी उघडायला आम्हीही घाबरत होतो. एकीनं बॅटरी धरली, एकीनं स्क्रू फिरवले, एकीनं वाचलं. सगळ्या मिळून बसलो म्हणून जमलं. तुम्हीही बसा, तुम्हालाही जमेल. जोहार!