‘करतां येतें’ आणि ‘करूं शकतों’



इंग्रजी भाषेंतील चार लहानशीं क्रियापदें हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’ आणि ‘माइट’ हीं तीं चार. शाळेच्या पहिल्या कांहीं वर्षांतच मुलांची त्यांच्याशीं ओळख होते, आणि पदवी पदरांत पडल्यावरहि पुष्कळांना तीं वश झालेलीं नसतात. शब्द अवघड असला म्हणजे मनुष्य सावधपणें कोश उघडतो. सोपा असला म्हणजे बेसावध राहतो. या बेसावधपणाची किंमत कधीं परीक्षेंतील गुणांनीं, तर कधीं रोख पैशानें द्यावी लागते.

रोख पैशाचें उदाहरण आपल्या भिवंडीचेंच घेऊं. हें शहर यंत्रमागांचें. येथील कापड दूरदूर जातें, आणि परप्रांतांतील गिऱ्हाइकांशीं लिहिणें-बोलणें बरेंचसें इंग्रजींत होतें. अशी कल्पना करा कीं, एका कारखानदाराच्या कारकुनाला कळवावयाचें आहे, “शंभर तागे आम्हांला सोमवारीं पाठवितां आले.” कारकून लिहितो, ‘वुइ कुड सेंड द हंड्रेड पीसेस ऑन मंडे.’ ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’ हें त्यानें शाळेंत पाठ केलेलें असतें, तेव्हां यांत त्याला कांहींच वावगें दिसत नाहीं. परंतु पत्र वाचणारा त्याचा अर्थ सहज असा करील, “आपली इच्छा असेल, तर सोमवारीं पाठवूं शकूं.” माल वाटेला लागलेला, आणि गिऱ्हाईक मात्र समजतें कीं, आपल्याला अजून विचारलेंच जात आहे! तें उत्तर देतें, “तूर्त नको.” मग जाण्यायेण्याचें भाडें कोणी सोसावयाचें, हा तंटा उभा राहतो, आणि त्याचें मूळ एका शब्दांत असतें.

यांतील मर्म असें : ‘कुड’ हा शब्द गतकाळीं अंगीं असलेलें सामर्थ्य सांगतो, एखाद्या प्रसंगीं तें काम खरोखर तडीस गेलें, असें तो सहसा सांगत नाहीं. “आजोबांना तरुणपणीं कामवारी नदी पोहून जातां येत असे,” येथें ‘कुड’ अगदीं शोभतो. पण “काल गर्दी असूनहि मला गाडी गांठतां आली,” येथें ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ म्हणावें. कारकुनानें तर नुसतें ‘वुइ सेंट’ लिहिलें असतें, तरी पुरें होतें. नकारांत मात्र ही अडचण नाहीं. गाडी गांठतां आली नाहीं, तर ‘कुड नॉट’ निर्धास्तपणें म्हणावें. त्याचप्रमाणें पाहणें, ऐकणें अशा इंद्रियांच्या व्यापारांना होकारांतहि ‘कुड’ चालतो. रात्रीं मागांचा खडखडाट ऐकूं येत होता, हें ‘कुड हिअर’ या शब्दांनीं सांगितलें तर इंग्रजाच्या कानाला खटकणार नाहीं.

आपल्याकडून ही चूक कां होते? तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाक्याला वाक्य देण्याची ती रीत फार गुणाची. परंतु विद्यार्थी वाक्याऐवजीं शब्दाला शब्द देऊं लागला, म्हणजे फसतो. कारण या प्रांतांत मराठी आणि इंग्रजी यांची वांटणी सारखी नाहीं. ‘मला पोहतां येतें’ म्हणजे ती विद्या मीं संपादिली आहे. ‘मी पोहूं शकतों’ म्हणजे तितकें सामर्थ्य मला आहे. आणि ‘मला आतां पोहवत नाहीं’ म्हणजे विद्या गेलेली नाहीं, पण शरीर किंवा मन साथ देत नाहीं. आपल्या व्याकरणांत अशा क्रियापदांना ‘शक्य क्रियापद’ असें नांव आहे. आजीला जिना चढवत नाहीं, आईला मुलाचे हाल पाहवत नाहींत, ही केवढी नाजूक छटा! भिवंडींत घरोघर ऐकूं येणाऱ्या उर्दूंतहि ‘तैरना आता है’ आणि ‘तैर सकता हूँ’ असा भेद आहे. इंग्रजी मात्र विद्या आणि सामर्थ्य हीं दोन्हीं एकट्या ‘कॅन’वर सोंपविते, आणि न पाहवण्यासाठीं ‘कॅनॉट बेअर टु’ अशी शब्दांची जोड घेते.

गंमत अशी कीं, ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणें’ असाच होता. त्याचें नातें संस्कृतांतील ‘ज्ञा’ धातूशीं, म्हणजे आपल्या ‘जाणणें’ या शब्दाशीं पोहोंचतें. उलट ‘मे’चा मूळ अर्थ ‘बळ असणें’ हा. इंग्रजींत बळाला ‘माइट’ म्हणतात, तो शब्द त्याच कुळांतला. काळाच्या ओघांत जाणणारा बलवान् झाला, आणि जो बलवान् होता तो ‘कदाचित्’ म्हणत बसला! ‘कुड’मध्यें लिहितांना येणारें ‘एल’ हें अक्षरहि मूळचें नव्हे. ‘वुड’ आणि ‘शुड’ या शेजाऱ्यांचें पाहून तें मागाहून शिरलें. म्हणूनच त्याचा उच्चार होत नाहीं.

आतां शक्यतेकडे वळूं. ‘कॅन’ एखाद्या वस्तूचा स्वभाव सांगतो. ‘मे’ आणि ‘माइट’ प्रस्तुत प्रसंगाविषयींचा तर्क सांगतात. पावसाळ्यांत कामवारीला पूर येऊं शकतो, हें सर्वसामान्य विधान झालें; येथें ‘कॅन’ योग्य. पण आकाश भरून आलें आहे, आज रात्रीं पूर येण्याचा संभव आहे, असें सांगावयाचें तर ‘मे’ किंवा ‘माइट’ पाहिजे. ‘माइट’मध्यें आशा किंवा धास्ती थोडी अधिक दुबळी असते, इतकेंच.

नकारांत हा भेद फार महत्त्वाचा होतो. ‘ही मे नॉट बी ॲट होम’ म्हणजे तो कदाचित् घरीं नसेल. ‘ही कॅनॉट बी ॲट होम’ म्हणजे तो घरीं असणें शक्यच नाहीं. पहिलें ऐकून मनुष्य दार ठोठावून पाहील. दुसरें ऐकून वाटेंतूनच परत फिरेल. गतकाळाविषयीं बोलतांनाहि असेंच जपावें लागतें. ‘ही मे हॅव कम’ म्हणजे तो आला असेल. ‘ही कुड हॅव कम’ म्हणजे बहुधा, तो येऊं शकला असता, पण आला नाहीं. पहिल्यांत वाट पाहणें आहे, दुसऱ्यांत गाऱ्हाणें आहे. पाहुण्याविषयीं बोलतांना यांची अदलाबदल झाली, तर भलताच प्रसंग ओढवावयाचा.

जातां जातां आपल्या भाषेविषयींहि दोन शब्द बोललें पाहिजे. इंग्रजीच्या सहवासानें अलीकडे ‘शकणें’ या क्रियापदावर भलतेंच ओझें पडत आहे. ‘पाऊस पडूं शकतो’, ‘तो आजारी असूं शकतो’, अशीं वाक्यें वर्तमानपत्रांत रोज दिसतात. पाऊस कांहीं पराक्रम गाजवावयास निघालेला नसतो, आणि आजारी असण्याला सामर्थ्य लागत नाहीं! ‘पाऊस पडेलसें दिसतें’, ‘तो आजारी असेल’, ‘तो आजारी असावा’, ‘न जाणो, उद्यां येईलहि’, असे कितीतरी प्रकार आपल्या घरींच आहेत. नदीच्या पुरासारख्या ठिकाणीं ‘शकतो’ खुशाल वापरावा. पण एकाच किल्लीनें सारीं कुलपें उघडूं नयेत. ज्याला ‘असेल’ आणि ‘असावा’ यांतील अंतर कळतें, त्याला ‘मे’ आणि ‘मस्ट’ यांतील अंतर शिकवावयास फारसे श्रम पडत नाहींत.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी एवढीच सूचना आहे कीं, मुलांकडून कोष्टकें पाठ करून घेण्यापूर्वीं त्यांना तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी. हें अंगीं असलेलें सामर्थ्य आहे, कीं घडलेलें काम? हा वस्तूचा स्वभाव आहे, कीं आजचा तर्क? आणि मराठींत मीं ‘येतें’ म्हटलें, ‘शकतों’ म्हटलें, कीं ‘असेल’ म्हटलें? या तिहींचीं उत्तरें मिळालीं कीं, योग्य इंग्रजी शब्द बहुधा आपोआप पुढें येतो; आणि पत्र गेल्यावर तंटे मिटवीत बसण्यापेक्षां लिहिण्यापूर्वीं क्षणभर थांबणें केव्हांहि स्वस्त पडतें.