हरिश्चंद्राच्या फॅक्टरीतील स्वदेशी

(लघुउद्योजकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



उद्योजकांच्या मेळाव्यात चित्रपटावर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट मला नेहमीच एका लहान उद्योगाची कथा वाटत आला आहे. २००९ साली तो ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला, तेव्हा चर्चा झाली ती भारतीय चित्रपटाच्या जनकाची. त्यातील कारखानदाराकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचे छापखान्याच्या धंद्यात भागीदारांशी बिनसले. वय चाळिशीचे, पदरी मुलेबाळे आणि उत्पन्न थांबलेले. अशा वेळी त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. ही प्रेरणा श्रद्धेची होती. पण नुसत्या श्रद्धेने कॅमेरा फिरत नाही, हे ते जाणून होते. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, तेथील जाणकारांकडून तंत्र शिकले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. भांडवल हवे होते, म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवली. आधी नमुना, मग भांडवलाची मागणी. स्वदेशीचा अर्थ एवढ्या नेमकेपणाने फार थोड्यांनी आचरणात आणला असेल.

मोकाशी यांनी हे सारे हसतखेळत सांगितले आहे. नंदू माधव यांनी रंगविलेले फाळके घरातील सामान विकतात, तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह मावळत नाही. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळत नाही. पुरुष मिळाले तर ते मिशा काढायला तयार होत नाहीत. अखेर उपाहारगृहातील साळुंके तारामती होतात. नाटक-सिनेमात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून फाळके मंडळींना सांगतात, कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असे सांगा. प्रेक्षक हसतात, पण कारखान्यात कामाला असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे, हे त्या हास्यामागचे मर्म आहे.

या फॅक्टरीचा दुसरा खांब म्हणजे सरस्वतीबाई. सर्वांचा स्वयंपाक आटोपून त्या रात्री फिल्मला छिद्रे पाडत, ती धुण्याच्या कामात हातभार लावत. आपल्या अनेक लघुउद्योगांत आजही घरातील स्त्री अशीच राबते. भागीदारीच्या कागदावर मात्र तिचे नाव क्वचितच असते. याचा विचार आपण प्रत्येकाने घरी जाऊन करावा.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. चित्रपट यशाच्या आनंदात संपतो आणि ते योग्यच आहे. पण इतिहास तेथे थांबत नाही. १९१८ साली नाशिकला स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले. बोलपटांच्या लाटेत फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ सालापासून.

उद्योजक घडवायला त्याची स्वतःची जिद्द पुरते. त्याला टिकवायला समाज लागतो. आपल्या गावात कोणी नवा उद्योग काढला, तर त्याचा सत्कार करण्याआधी त्याच्याकडून माल घ्यावा. त्याचे बिल ठरलेल्या मुदतीत चुकते करावे. त्याचा पहिला प्रयत्न फसला, तर ‘नोकरी धरली असतीस तर बरे झाले असते’ हे वाक्य आवर्जून टाळावे. फाळक्यांना वेडा म्हणणारे लोक परके नव्हते. ते आपलेच शेजारी होते. स्वदेशीची परीक्षा अशा शेजारधर्मातच होत असते.

वंदे मातरम्!