वाचनाचा हक्क आणि देणगीचा पैसा



कोल्हापुरात शिक्षणाच्या खर्चाचा विचार करावयाचा, तर आरंभ राजर्षी शाहू महाराजांपासूनच करावा लागतो. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यामागून वसतिगृहांची मालिका उभी राहिली. तिला दरबाराच्या मदतीबरोबर दात्यांचाही हातभार होता. परंतु १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करताना महाराजांनी ते कोणाच्या औदार्यावर सोपविले नाही. त्याचा भार संस्थानाने उचलला आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. वसतिगृहाला दान चालत होते. अक्षरज्ञान मात्र कायद्याचा विषय होते. हा भेद आज पुसट होत चालला आहे.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. मुले शाळेत आली. पण ग्रामीण भारतात पाचवीतील जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, असे ‘असर’च्या पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वयंसेवक पुढे आले. १९९५ साली मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था निघाली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतीलच शिकलेल्या तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास शिकवीत. मुंबई व बडोदा येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी त्याची काटेकोर तपासणी केली. मुलांची प्रगती निर्विवाद दिसली. मात्र ही मदत थांबल्यावर वर्षभरात त्या लाभाचा बराचसा भाग ओसरला. पुढे उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावच्या विनावेतन स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले. जी मुले आली ती वाचू लागली. पण गावातील एकूण मुलांपैकी दहा टक्केही आली नाहीत.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. स्वयंसेवकाची रीत खरी आहे, परंतु तिला सातत्य हवे आणि ती प्रत्येक मुलापर्यंत पोहोचली पाहिजे. नेमक्या याच दोन गोष्टी देणगीला साधत नाहीत. देणगी वर्षापुरती असते. दात्याला इमारत दिसते, पुस्तकांचे कपाट दिसते. महिन्याच्या महिन्याला द्यावयाचे मानधन दिसत नाही. मग वस्तीतील मुलीच्या श्रमाला ‘सेवा’ असे गोड नाव देऊन तो खर्चच नाहीसा केला जातो.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. तो पैसा कोल्हापूरला कितपत उपयोगी पडेल? कंपनीने आपल्या परिसराला अग्रक्रम द्यावा, असे तोच कायदा सांगतो. म्हणजे जेथे कारखानदारी मोठी, तेथे धर्मादायही मोठा! शिवाय या जिल्ह्याचा कणा असलेले सहकारी साखर कारखाने कंपनी कायद्याखाली येतच नाहीत. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबे ज्यांच्यासाठी राबतात, त्यांच्यावर या दोन टक्क्यांचे बंधन नाही. ऐन शाळेच्या दिवसांत या कुटुंबांतील मुले फडावर असतात. वीटभट्ट्यांवरील मुलांची गतही वेगळी नाही. ‘अवनि’सारख्या संस्थांनी कोल्हापुरात या मुलांसाठी शाळा चालविल्या, हे मोलाचे कार्य होय. परंतु अशी संस्था ज्या भट्टीपर्यंत पोहोचू शकत नाही, तेथील मुलाने काय करावे?

उपाय फार दूरचा नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे १० रुपये घ्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी, असे धोरण राज्याने ठरविले आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचा वाटा यात एक कोटी रुपये होतो. हा धर्मादाय नव्हे. मजुराने तोडलेल्या उसाच्या टनावर ठरलेला त्याचा हक्क आहे. त्यातील निश्चित हिस्सा हंगामभर फडावर वाचन शिकविणाऱ्या तरुण-तरुणींच्या मानधनासाठी राखून ठेवावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी कारखान्यांच्या वार्षिक सभांत, जिल्हा परिषदेत आणि विधिमंडळात लावून धरली पाहिजे. वीटभट्ट्यांसाठी आणि शहरातील वस्त्यांसाठी अशीच तरतूद जिल्हा परिषदेच्या व महापालिकेच्या अंदाजपत्रकात झाली पाहिजे. मात्र हे साहाय्यक शिक्षकांच्या रिकाम्या जागा झाकण्याचे साधन होऊ नयेत, हेही तितक्याच ठामपणे सांगावे लागेल.

तोवर देणगी नाकारावी काय? मुळीच नाही. मागणी मान्य होईपर्यंत मूल थांबत नाही. त्याचे सातवे-आठवे वर्ष पुन्हा येत नाही. म्हणून कार्यकर्त्याने संध्याकाळी पालावर जाऊन मुलांना वाचावयास शिकवावे, कोणी पुस्तके दिल्यास घ्यावीत. पण त्याचबरोबर त्याच वहीत किती मुले आली, किती तास गेले, किती खर्च झाला याचा हिशेब लिहून ठेवावा. आज जो हिशेब दात्याला दाखवावयाचा, तोच उद्या मागणीपत्राला जोडून सरकारपुढे ठेवावयाचा आहे. दानाने वाट दाखवावी; त्या वाटेवरून प्रत्येक मुलाला नेण्याची जबाबदारी राज्याची आहे. शाहू महाराजांच्या कोल्हापूरने तरी हे विसरता कामा नये.