चित्र ताजं हवं

जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळच्या आर्वी इथे 26 फेब्रुवारी 1971 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उपग्रह भू-केंद्राचं उद्घाटन झालं. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. तिथल्या अवाढव्य थाळीतून परदेशातले फोन आणि दूरचित्रवाणीची चित्रं येऊ-जाऊ लागली. उपग्रह होता सुमारे 36,000 किलोमीटर उंच. लहरी प्रकाशाच्या वेगाने धावल्या, तरी वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागायचा. बोलणाऱ्यांनी तो सांभाळून घेतला.

कॅमेऱ्याचं चित्र पाहून रोबो चालवणाऱ्या मुलांना मात्र पाव सेकंद फार महागात पडतो. सेकंदाला 4 मीटर धावणारा रोबो तेवढ्यात मीटरभर पुढे गेलेला असतो. पडद्यावर खांब अजून लांब दिसतो आणि मैदानावर धडक बसून जाते.

अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स’ स्पर्धेत मुंबईचा ‘आर फॅक्टर’ हा 6024 क्रमांकाचा संघही उतरतो. या स्पर्धेच्या 2019 सालच्या खेळात पहिले 15 सेकंद चालकांसमोर पडदा टाकलेला असे. मैदान दिसायचंच नाही. मग एकतर रोबोने स्वतःच वाट काढायची, नाहीतर त्याच्यावरच्या कॅमेऱ्यातून बघून मुलांनी तो चालवायचा.

इथे हिशेब महत्त्वाचा. 320 बाय 240 ठिपक्यांचं लहानसं रंगीत चित्र, सेकंदाला 15 वेळा, जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे 28 मेगाबिट लागतात. संघाच्या वाट्याला याचा लहानसा हिस्साच येतो. म्हणून प्रत्येक चित्र वेगवेगळं दाबून, म्हणजे जेपेग करून पाठवण्याची पद्धत रूढ झाली. एखादं चित्र वाटेत हरवलं, तरी पुढचं धडधाकट पोचतं. आधीच्या चित्रातला फक्त बदल पाठवणाऱ्या पद्धतीत जागा वाचते, पण एक चित्र गळालं की पुढची काही बिघडू शकतात.

हवेत इतर लहरींची गर्दीही नको. नारायणगावाजवळच्याच खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, त्यामागे तिथला कमी रेडिओ-गोंगाट हे एक मोठं कारण होतं. दुर्बिणीच्या 30 थाळ्यांचे संकेत प्रकाशतंतूंच्या तारेतून मध्यवर्ती इमारतीत पोचतात. धावत्या रोबोला तार बांधता येत नाही. त्याला वाय-फायवरच भागवावं लागतं. त्यामुळे स्पर्धेच्या जागी संघांना स्वतःचं वाय-फाय चालू करायची मनाई असते.

मंचर, घोडेगाव, ओतूरच्या शाळांतल्या मुलांना हा उशीर घरच्या साधनांनी मोजता येईल. एका फोनवर स्टॉपवॉच सुरू करून तो रोबोच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा. शेजारी लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं चित्र लावायचं आणि दुसऱ्या फोनने दोन्हींचा एकच फोटो काढायचा. फोनवर 12.48 आणि लॅपटॉपवर 12.30 दिसलं, तर उशीर 18 शतांश सेकंदाचा. मग चित्राचा आकार कमी करून, दुसरा कॅमेरा बंद करून पुन्हा मोजायचं. चित्र थोडं धुरकट झालं तरी हरकत नाही, फरक कमी झाला पाहिजे. आणि हे मोजमाप रोबो लॅपटॉपजवळ उभा असताना करून थांबू नये. तो मैदानाच्या पार टोकाला असतानाही करावं, कारण खेळात तो तिथेही चालवायचा असतो.