दातांची कीड आणि गावचे पाणी



मुलांना फ्लोराइडच्या गोळ्या द्याव्यात काय, असे कामगारवस्तीतील आयाबहिणी आम्हांला विचारतात. आम्ही डॉक्टर नव्हे; वाचून जे उमगले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

दाताला कीड लागते ती किड्यामुळे नव्हे. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच झिजवते. फ्लोराइड ही झीज रोखते. झीज नुकतीच सुरू झाली असेल तर ती भरूनही काढते.

१९४५ साली अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड घालण्यास आरंभ केला. पुढे ११ वर्षांनी पाहिले, तो त्यानंतर जन्मलेल्या मुलांतील कीड ६० टक्क्यांहून अधिक घटली होती. नळ सर्वांचा, म्हणून लाभही सर्वांचा. गोळीचे तसे नाही. ती विकत घ्यावी लागते, रोज आठवणीने द्यावी लागते. पहाटे पाळीवर जाणाऱ्या आईला हे कसे निभावे?

आणि आपल्याकडे याहून मोठी अडचण आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत कित्येक विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते असावे. दुसरे पाणीच नसेल तर फार तर दीड. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. अशा गावात गोळी वाटणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. म्हणून आधी पाणी तपासावे. मग दंतवैद्याने सांगितले तरच गोळी द्यावी.

घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. ती गिळू देऊ नये. पाण्यात फ्लोराइड अधिक असेल तेथे पेस्टही विचारूनच घ्यावी. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला निजवू नये.

पण पाण्याची तपासणी एकट्या आईच्या हातची नाही. एकट्याने मागून पगार वाढत नाही, हे आम्ही उभा जन्म पाहत आलो, पाण्याचेही तेच. तेव्हा चार घरांनी मिळून नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत जावे आणि विचारावे, “आमच्या पाण्यात फ्लोराइड किती? आकडा फळ्यावर लिहा.” मुलांच्या दातांचे रक्षण तेथून सुरू होते.